माश्तोत्सच्या समाधीपर्यंत पायी

लिपी घडवणाऱ्या माणसाला संत मानून त्याच्या समाधीच्या दर्शनाला जातात, हे कळल्यापासून आर्मेनियातल्या आरागातसोत्न प्रांताची ओढ लागली होती. मेस्रोप माश्तोत्स यांनी इ.स. 405 च्या सुमारास आर्मेनियन लिपी तयार केली. 440 मध्ये ते गेले, तेव्हा वाहान आमातुनी या सरदाराने त्यांचा देह आपल्या ओशाकान गावी आणला. कासाख नदीच्या कडेने तिथवर चालत जायचं ठरवून सकाळीच साघमोसावान हे गाव सोडलं.

इथला मठ 1215 सालचा, अगदी दरीच्या काठावर. पुढे ओहानावानपर्यंत पायवाट. डाव्या हाताला खोल दरी, मागे 4090 मीटर उंचीचा आरागात्स पर्वत. ही चाल फार आवडली. नामस्मरण आपोआप सुरू झालं.

कार्बीत एका आजींनी हाक मारून अंगणात बसवलं. अक्रोड, द्राक्षं, इवल्याशा कपात कडक कॉफी. कुठे निघालात, असं त्यांनी खुणेनं विचारलं. "ओशाकान," म्हणताच त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि लवाशची, म्हणजे पातळ रोटीची, घडी माझ्या हातात ठेवली. पालखीच्या वाटेवर 'घ्या माउली' म्हणत भाकरी देणाऱ्या बायकाच आठवल्या.

पुढच्या मुघनी गावात संत गेवोर्गला, म्हणजे सेंट जॉर्जला, नवस बोलतात. नवसाचं जनावर कापून मांस शिजवायचं आणि वाटून टाकायचं, याला मताघ म्हणतात. माळकरी मनाला ते जड गेलं, पण वाटून खाण्याची रीत मनापासून पटली.

आश्ताराक हे प्रांताचं मुख्य ठिकाण. तिथलं सातव्या शतकातलं कार्म्रावोर चर्च एवढंसं आहे, चार पावलांत संपणारं, तरी वाटेतल्या सगळ्या चर्चमध्ये माझा जीव तिथेच जास्त रमला.

ओशाकानला पोचेस्तोवर ऊन कललं होतं. आजचं चर्च एकोणिसाव्या शतकातलं. समाधी तळघरात, पायऱ्या उतरून जायचं. थंडगार दगडावर डोकं टेकलं. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपुढे येतो तसाच कढ आला. वर आल्यावर इथल्या लोकांसारखीच वेदीला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर आले.

पहिलीतल्या मुलांना इथे आणून मुळाक्षरांची ओळख करून देतात. पवित्र अनुवादकांचा, म्हणजे बायबल आर्मेनियनमध्ये आणणाऱ्या माश्तोत्स आणि त्यांच्या सोबत्यांचा, सण ऑक्टोबरात असतो. जमलं तर तेव्हाच जावं.