ठिपक्यांतून दिसलेला भूजचा भ्रंश

आज दिवसभर मी २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतरचे लहान धक्के संगणकावर मांडत होतो. नकाशात वरून पाहताना कच्छमधील भचाऊ गावाच्या उत्तरेला ठिपक्यांचा नुसता पुंजका दिसत होता आणि त्यातून काहीच अर्थ लागत नव्हता. संध्याकाळी तोच पुंजका उत्तर-दक्षिण छेदात, म्हणजे जमीन उभी कापून बाजूने पाहावी तसा पाहिला, तेव्हा बहुतेक ठिपके दक्षिणेकडे खोल उतरत जाणाऱ्या एका तिरक्या पट्ट्यात येऊन बसले. मी काही क्षण नुसता पाहत राहिलो.

सुमारे ७.६ परिमाणाच्या त्या भूकंपात मुख्य भ्रंशाची, म्हणजे खडक ज्या तड्यावर सरकतात त्याची, भेग जमिनीवर उमटलीच नव्हती, त्यामुळे साधारण १० ते ३५ किलोमीटर खोलीवर खडक कोणत्या प्रतलावर सरकले याचे सर्वांत बोलके साक्षीदार हे लहान धक्केच आहेत. खोली ठरवणे मात्र फार नाजूक काम असते. भूकंपाच्या आधी येणाऱ्या प्राथमिक आणि मागून येणाऱ्या दुय्यम लहरी पोहोचण्यातील सेकंदांच्या फरकावरून अंतर निघते, पण जवळ भूकंपमापक नसेल तर खोलीत काही किलोमीटरची चूक सहज शिरते आणि तो रेखीव पट्टा पुन्हा विस्कटून जातो. एका आलेखावर दुय्यम लहरीची नेमकी सुरुवात शोधण्यात माझा आज पाऊण तास गेला. उद्ध्वस्त कच्छमध्ये लगोलग जाऊन तात्पुरती उपकरणे मांडणाऱ्या पथकांविषयी तेव्हा मनापासून कृतज्ञता वाटली.