तीन दिवसांची वेणी

पालकसभेत वर्गशिक्षिकाबाईंनी सहलीच्या सामानाची यादी वाचून दाखवली आणि शेवटी जाता जाता म्हणाल्या, "ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी आपले आपण विंचरायचा सराव आतापासून करा. तिथे आम्ही कुणाचे केस विंचरणार नाही." बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. मी तिथेच अडकले.

तिसरीतली पोरं, आठ वर्षांची. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातून बाड उराखला तीन दिवस, दोन रात्री. यादीतलं बाकी सगळं पटलं होतं. घरात घालायच्या चपला, बॅटरी, कुशीत घ्यायला एक मऊ खेळणं, खर्चाला 10 युरो, मोबाइल नाही. यूथ हॉस्टेलात उशीचा अभ्रा नि दुलईची खोळ ज्याची त्यानं घालायची, हेही ठीक. या हॉस्टेलांची कल्पनाच मुळी एका शाळामास्तरांची. रिशार्ड शिरमान 1909 साली पोरांना घेऊन पायी फिरताना वादळात सापडले, एका रिकाम्या शाळेत रात्र काढली, तेव्हा त्यांना हे सुचलं. त्या रात्री मास्तरांनी कुणाच्या वेण्या घातल्या नसणार, एवढं मलाही कळतं.

पण आमच्या मिरजेच्या शाळेची सहल आठवा. पहाटे चारला आई उठवायची, डोक्यावर तेल थापायची आणि दोन वेण्या कानामागे दुमडून लाल रिबिनींनी अशा आवळायची की पन्हाळा, जोतिबा करून रात्री एसटीतून उतरेपर्यंत एक केस हलायचा नाही. कपाळ इतकं ताणलेलं की वर्गाच्या फोटोत आम्ही सगळ्याच कशाने तरी दचकल्यासारख्या दिसतो. दहावीपर्यंत माझी वेणी आईनंच घातली. त्यानं माझं काय अडलं? इंजिनीअर झाले, परक्या भाषेत आयकराचे फॉर्म भरते. भांग अजूनही वाकडा पडतो, पण तो मुद्दा नाही.

इथल्या मुलांचं कौतुक आहेच मला. शेजारची मुलगी पहिलीपासून एकटी चालत शाळेत जाते, पावसातही. तिचे केस मात्र कायम सुगरणीच्या खोप्यासारखे, आणि तिला झिपरी म्हणणारं कुणी नाही. तिच्या आईला त्याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं. माझी लेक तशी निघाली तर लोक मलाच नावं ठेवतील, असं वाटतं. इथे नावं ठेवायला आहे कोण, हे मला अजून सापडलेलं नाही.

दोन आठवडे सराव केला. केस पुढे घेऊन लेकीला तीन पेड जमतात. हात मानेमागे गेले की मधला पेड कुठला तेच कळेनासं होतं, आणि मलाही ते तोंडानं सांगता येईना. हात आपोआप करतात ते सांगणार कसं? "डावा मधल्यावरून, आता उजवा मधल्यावरून" असं म्हणता म्हणता मीच चुकले.

शेवटी सहलीच्या सकाळी साडेपाचला लेक माझ्या गुडघ्यांमध्ये येऊन बसली. मे महिना असूनही खोबरेल गोठलेलं, बाटली गरम पाण्यात धरली. मधोमध भांग, दोन्हीकडे सागरवेणी. कपाळापासून सुरुवात, दर वळणाला बाजूची एक बट आत घ्यायची, म्हणजे झोपेत सुटत नाही. दुसरी वेणी निम्म्यावर आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, रात्री शू लागली आणि मी बॅटरी लावली तर सगळ्या उठतील का गं?"

आठवडाभर मी तिला समोर बसवून विचारत होते, भीती वाटते का? दर वेळी "नाही". पाठ माझ्याकडे असली की ही बोलते. शिक्षिकाबाईंना मी हे कुठल्या जर्मनमध्ये सांगू?

शुक्रवारी दुपारी बसमधून उतरली ती दोन्ही वेण्या जशाच्या तशा घेऊन. एकीत पाइनची सुई अडकलेली, बस्स. बाकीच्या पोरींचे अवतार बघून मला जरा जास्तच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. उराखचा धबधबा 37 मीटरचा आहे म्हणे. "ठोसेघरपुढे काहीच नाही," असा लेकीचा निकाल.

सोमवारी शाळेची चिठ्ठी आली. वर्गात उवा सापडल्यात. कुणाच्या डोक्यात, ते लिहिलेलं नसतं. इथे संसर्गाच्या कायद्यातच, कलम 34 मध्ये, उवांचा उल्लेख आहे. पालकांनी शाळेला कळवायचं, उपचार करायचा, लाजायचं नाही. मी मनात म्हटलं, आमचा काय संबंध? तीन दिवस घट्ट वेण्या, वर तेल. तरी पंढरपूरहून आणलेली फणी काढली आणि खिडकीत बसून पांढऱ्या रुमालावर झाडली. दोन निघाल्या. लिखा वेगळ्या.

आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अगं, दर सहलीनंतर तुझ्याही डोक्यात सापडायच्या. डोक्याला डोकं लागलं की झालं, वेणी काय करणार?" हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

औषधाच्या दुकानातून जेल आणलं, शाळेचा फॉर्म सही करून दिला. नवव्या दिवशी पुन्हा लावायचं, म्हणून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गोल केलाय. तोवर अधूनमधून ओल्या केसांतून फणी फिरवणं चालू आहे. काल फिरवता फिरवता विचारलं, "मग, रात्री लागली होती का शू?"

"हो. बॅटरी नाही लावली. खालच्या पलंगावरचीला उठवलं. तिलापण लागली होती."