तळहातांवर एकही ओरखडा नव्हता

सकाळचे सव्वासहा झाले असतील. दोन मोटारसायकली दवाखान्याच्या दारात थांबल्या. एकीवर, दोघांच्या मधे धरून बसवलेला वीस वर्षांचा मुलगा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पळालं तर पैकीच्या पैकी गुण, म्हणून आमच्याकडे पहाटे पाचपासून कारखान्याच्या रस्त्यावर ही पोरं सेकंद मोजत पळत असतात.

"सर, उपाशीपोटी पळतो हा. चक्कर आली," मित्र म्हणाला.

मुलगा शुद्धीवर होता, नीट बोलत होता. साखर ९६, रक्तदाब व्यवस्थित. भरतीच्या दिवसांत अशी चार-दोन मुलं आठवड्याला येतातच. ओआरएस लिहून, खाऊन पळत जा असं सांगून मी त्याला सोडणार होतो, अगदी कागद हातात दिला होता. तेवढ्यात सिस्टर त्याची हनुवटी पुसायला लागल्या. हनुवटी फुटलेली, गालाचं हाड सोललेलं. मी त्याचे हात उलटे करून पाहिले. तळहातांवर एकही ओरखडा नव्हता.

चक्कर येऊन पडणारा माणूस सहसा खाली बसतो, कशाला तरी धरतो, निदान हात तरी पुढे टाकतो. हा सरळ तोंडावर आपटला होता. म्हणजे जमिनीवर पोचण्याआधीच त्याची शुद्ध गेली होती.

"पळून झाल्यावर उभा असताना पडला का?"

"नाही सर, थांबला कुठं? शेवटच्या राऊंडला जोर लावला अन् पळता पळताच आडवा झाला."

हा फरक फार मोठा आहे. धाव संपवून एकदम थांबलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबवतात, ते पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय वर करून झोपवलं की माणूस बहुधा सावरतो. पण ऐन धावण्यात, काही न जाणवता शुद्ध गेली, तर हृदय निर्दोष आहे हे तपासून सिद्ध होईपर्यंत संशय हृदयावरच घ्यायचा.

मी स्टेथोस्कोप लावला. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला हलकासा फुसफुस आवाज. त्याला उकिडवा बसवला, आवाज जवळजवळ विरला. "आता उठ," म्हणालो, आणि तो उठताच आवाज मोठा झाला. झडप अरुंद असती तर उलट घडलं असतं. उभं राहिल्यावर हृदयात रक्त कमी येतं, पोकळी लहान होते, आणि मधला पडदा जाड असेल तर रक्त बाहेर पडायची वाट आणखी आवळते. पळतानाही ही वाट अशीच आवळते, शिवाय अशा स्नायूत ठोक्यांची लय कधीही बिघडू शकते.

ईसीजीत उंचच उंच लाटा आणि खोल, उलट्या टी लाटा. कागद पाहून सिस्टर तत्परतेनं सॉर्बिट्रेट घेऊन आल्या. हार्ट अटॅकची शंका येण्यासारखाच तो ईसीजी होता, त्यांची चूक नाही. पण ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरवते. पडदा जाड होण्याच्या या आजारात, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत, आवळलेली वाट त्यानं आणखी आवळते. मी गोळी परत पाठवली, त्याला आडवा केला, सलाईन लावलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

जिल्ह्याच्या ठिकाणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पडदा २३ मिलिमीटर. एरवी तो दहा-अकराच्या आत असतो.

आई दुपारी पोचली. घरात कुणी अचानक गेलंय का, विचारलं. ती बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिली. "ह्याचे वडील. ऊसतोडीला होतो आम्ही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होते, वरूनच खाली आले. लोक म्हणाले, पाय घसरला." तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

पाय घसरला होता की आधी शुद्ध गेली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण मला रात्री झोप लागली नाही. तेव्हा कुणी एक ईसीजी काढला असता तर, हाच विचार.

मुलाला हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, बीटा ब्लॉकर, सुरू झालं. शुद्ध हरपणं आणि वडिलांचा असा मृत्यू, दोन्ही धरून हृदयतज्ज्ञांनी छातीत शॉक देणारं यंत्र बसवायला सांगितलं. त्यानं मला एकच विचारलं, "सर, ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे. हळू पळलो तर?" नाही म्हणालो. तो भिंतीकडे वळून झोपला. मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

हा आजार आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्यात त्याचं सदोष जनुक येण्याची शक्यता बहुधा निम्मी असते. धाकटी बहीण सतरा वर्षांची, तीही भरतीसाठी ८०० मीटरची तयारी करत होती. आई म्हणाली, तिला कधी काहीच झालेलं नाही. तरी मी तिला आतल्या खोलीत बोलावलं, सिस्टरना सोबत उभं केलं आणि म्हटलं, "बाळ, आधी उकिडवी बस."