तुम्ही विचारलंत म्हणून: चोरांना पळायला कशाला शिकवता?

लग्नात, तेराव्याला, बँकेच्या रांगेत, अगदी मोंढ्यात तूर घालायला गेलो तर आडतीवरसुद्धा हाच प्रश्न. "सर, तुम्ही जेलात जाऊन कबड्डी शिकवता म्हणं. चोरांना आणखी पळायला शिकवायलात का?" मग हसतात. मीही हसतो. इतकी वर्षं हसून आता गाल दुखायलेत. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, चहा येईपर्यंत विषय हवा असतो. पण यंदा विचारणारा माझा साडू होता, आणि त्यानं पुढचंही विचारलं: "बरं, त्यानं एकाला तरी काम लागलं का?" मी "हो, एकाला" म्हणालो आणि ताट घेऊन उठलो. खोटं बोललो नाही, पण उठलो घाईनं.

किरकोळ प्रश्न आधी उरकतो. भीती वाटत नाही. शाळेत दहावी 'ब'चा शेवटचा तास असला की जास्त वाटायची. पैसे मिळत नाहीत. गुन्हा काय केला ते मी विचारत नाही. एकदा बसस्टँडवर एका बाईनं गाठलं. म्हणाली, "माझ्या लेकाला मारणारा तुमच्याकडं खेळतो का?" मला खरंच माहीत नव्हतं. तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तिच्यापुढं मंडेला नियम काढून वाचायचे का? बाहेरचं काम नसलेल्या कैद्याला रोज किमान एक तास उघड्या हवेत व्यायाम मिळावा, असं त्यात लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली मान्य केलेले नियम आहेत. साडूला ते सांगता येतात. तिला नाही.

आणि हो, "त्यांना आत काम शिकवतातच की" असं म्हणणाऱ्यांसाठी. हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात कारखाना आहे, पैठणच्या खुल्या कारागृहात शेती आहे, पण ती शिक्षा झालेल्यांसाठी. मी जातो ते जिल्ह्याचं छोटं कारागृह. तिथं बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. देशभरातच 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे दर चार कैद्यांत तीन असे होते. त्यांना काम नाही, तारीख आहे. पहिल्या महिन्यात मी खो-खो घ्यायला गेलो तर एक जण म्हणाला, "सर, आम्ही बसलेलोच हाव. खो कोण द्यायलाय ते सांगा." मग कबड्डी घेतली.

2016 साली परवानगीसाठी लिहिलेल्या प्रस्तावाची झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं आमच्याकडून प्रशिक्षणात घोकून घेतली होती, ती सगळी त्यात उतरवली आहेत. निर्णयक्षमता, समानुभूती, ताणतणावाला सामोरं जाणं, सगळं. "चढाईच्या 30 सेकंदांत बोनस घ्यायचा की मागे फिरायचं हे ठरवणारा तरुण आयुष्यातही योग्य निर्णय घेईल," असं वाक्यही आहे. ते लिहिणाऱ्या माणसाला आज गाठून विचारावंसं वाटतं की बाबा, तू कबड्डी कधी खेळला होतास का? आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू जामिनावर सुटला आणि नवव्या दिवशी परत आत आला. निर्णय झटपट घेतला होता, एवढं मात्र खरं.

तरी त्या माणसाला मी साफ वेड्यात काढत नाही. सुरुवातीला हात लागला की नाही यावरून तीनदा खेळ बंद करावा लागला. पुढं पोरांनीच नियम काढला: पंचाशी वाद घालणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी एकट्यानं मैदानावर पाणी मारायचं. वाद थांबले. बाहेर पंच कोण असतो आणि पाणी कोण मारतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

आता दिगूचं. हे नाव मी ठेवलंय, त्याचं नव्हे.

आत मैदान आखायचं तर दोरी लागते, आणि आत दोरी न्यायची नाही. बऱ्याच अर्जांनंतर ठरलं की दोरी गेटवर मोजून आत, मोजून बाहेर. लोखंडी खिळे नाहीत, कडुनिंबाच्या खुंट्या. चुना नाही, कोणी कोणाच्या डोळ्यात फेकील, रांगोळी चालेल. दोरीला तीन, चार, पाच मीटरच्या मापानं गाठी मारायच्या, त्रिकोण ताणून धरायचा की कोपरा काटकोनात बसतो. तेरा बाय दहाचं मैदान. दोन्ही कर्ण 16 मीटर 40 सेंटिमीटर भरले की आखणी बरोबर. दिगूचे आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं त्याची शाळा दरवर्षी दिवाळीला तुटायची. सातवीपर्यंत कशीबशी गेली. कबड्डीत तो सुमारच; पकडीला ऐन वेळी पाय सोडून द्यायचा. पण दोरी त्याला दिली की सोडायचा नाही. दुसरा कर्ण पहिल्याएवढा भरला की तिथंच उभा राहून बघत बसायचा. एकदा म्हणाला, "सर, हे कुणाला विचारायचं काम नाही. बरोबर आलं की आपल्यालाच कळतं."

तो जामिनावर सुटला तेव्हा मी त्याला एका सुरक्षा एजन्सीकडं पाठवलं. उंची, छाती, पळणं, सगळ्यात बसत होता. पण 2005 च्या कायद्यानं एजन्सीला रक्षकाच्या चारित्र्याची खात्री करावी लागते, आणि पोलिसांच्या पडताळणीत चालू खटला निघाला. कायदा चूक आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. माझ्या गल्लीत रात्री दंडुका घेऊन कोण फिरतंय हे मलाही माहीत असायला हवंच असतं. मग मीच त्याला बोलावलं. आमच्या शाळेत तालुक्याच्या स्पर्धा होत्या. मी तेव्हा नोकरीत होतो, निवृत्तीला दोन वर्षं होती. म्हणालो, दोन मैदानं आखून दे, हजार रुपये देतो.

सकाळी सातला तो आला. दोरी, खुंट्या, फक्कीचा डबा. दुसऱ्या मैदानाची शेवटची रेषा चालू होती तेव्हा संस्थेचे एक पदाधिकारी आले. पाहत राहिले. म्हणाले, "सर, हा पोरगा जेलात होता ना? आपल्याकडं लेकरं खेळायलेत."

मी म्हणालो, "मला काय माहीत? मंडपवाल्यानं पाठवलाय."

तो आठ-दहा फुटांवर वाकलेला होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, रेषेकडं पाहिलं. पाच सेंटिमीटरची पांढरी रेषा. ती थांबली नाही, वाकली नाही. वाकली असती तर मला बरं वाटलं असतं. कोपऱ्यापर्यंत गेली, तो उठला, त्यानं हाताची फक्की पँटला पुसली आणि दोरी गुंडाळायला घेतली. नेहमीसारखी, कोपरा आणि अंगठ्यात धरून.

संध्याकाळी पैसे दिले. त्यानं मोजले. म्हणाला, "मंडपवाल्याचं बिल वेगळं द्यावं लागंल, सर."

पुन्हा तो माझ्याकडं आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी काय करायला हवं होतं? माझी नोकरी होती. शिवाय आत रोज चाळीस जण खेळत होते. गावात ओरड झाली असती तर त्यांचा तास बंद पडला असता. एका माणसासाठी चाळिसांचं नुकसान करायचं का? हे सगळं मी त्या रात्री बायकोला समजावून सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "हे तुम्हाला तेव्हाच सुचलं होतं का नंतर?"

नंतर.

त्या दिवशी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचं काम चालू होतं. गुण्या न लावता पोरगं कोपरा काटकोनात काढतंय हे तिथल्या मिस्त्रीनं पाहिलं होतं. त्यानं दिगूला नंतर गाठलं. आधी घरांच्या पायाची आखणी, मग प्लॉटिंगची कामं. दोघं अजून सोबत आहेत. मिस्त्रीनंच हे मला नंतर सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "कुठं शिकला?" दिगू म्हणाला, "सरकारी ठिकाणी." मिस्त्रीनं पुढं काही विचारलं नाही. नंतर कळलं तेव्हाही काढलं नाही. खटला अजून चालूच आहे. तारखेच्या दिवशी त्याची मजुरी बुडते.

तर साडूला सांगितलेला एक तो हा. तो माझ्या खात्यावर धरायचा का? कबड्डीनं त्याला काही दिलं असेल तर मला दिसलं नाही. जे उपयोगी पडलं त्याचा माझ्या प्रस्तावात उल्लेख "मैदान तयारी, 20 मिनिटे" एवढाच आहे. आणि जे मिस्त्रीनं न विचारता केलं ते मला दहा कौशल्यं पाठ असून जमलं नाही. तरी बुधवारी आणि शनिवारी मी जातो. का जातो याचं गेल्या वर्षी एक उत्तर होतं, यंदा दुसरं आहे.

निवृत्त झालो तरी स्पर्धेला पंच म्हणून बोलावतात. ते पदाधिकारी दरवर्षी भेटतात. यंदा आखणी तिरकी झाली होती, एक कोपरा सरळ आत आलेला. ते म्हणाले, "सर, तो मंडपवाल्याचा पोरगा चांगला होता बघा. त्याला बोलवा की."

मी म्हणालो, "बघतो."