आमची वाटचाल: कोपनहेगनमधली जॅझ पियानोची शाळा

परदेशात जॅझ पियानो वाजवून पोट भरायचं, तर नुसत्या रात्रीच्या कार्यक्रमांवर भागत नाही. क्लबचं मानधन बेताचं, तेही आज आहे तर उद्या नाही. म्हणून दिवसा शिकवण्या धरल्या. त्यातूनच ही छोटी शाळा उभी राहिली आणि पुढे शिकवण्यातच जास्त जीव रमला.

कोपनहेगनच का? अमेरिकेचे जॅझ पियानोवादक केनी ड्रू १९६४ मध्ये इथे आले ते इथलेच झाले. इथल्या माँमार्त्र या जॅझ क्लबात बास हे खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारे नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन यांच्यासोबत त्यांनी वर्षानुवर्षं साथ जमवली. पुढे अमेरिकन पियानोवादक होरेस पार्लनही डेन्मार्कमध्ये स्थायिक झाले. लहानपणच्या पोलिओमुळे त्यांच्या उजव्या हाताची काही बोटं नीट चालत नसत. त्यांनी डाव्या हाताकडे जास्त काम सोपवलं आणि त्यातून स्वतःचा भरदार बाज घडवला. ‘माझी बोटं आखूड आहेत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी पार्लन ऐकवतो.

आमच्याकडे बरेचजण पाश्चात्त्य शास्त्रीय शिकून येतात. हात तयार असतो, पण समोरचा स्वरलिपीचा कागद काढला की थबकतो. त्यामुळे सुरुवातीला कागद नाहीच. डाव्या हातात डी हा स्वर, उजव्यात फक्त एफ आणि सी: हा डी मायनर सेव्हन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. डावा हात जी या स्वरावर न्यायचा, उजव्यातला सी अर्धा स्वर उतरवून बीवर आणायचा, की जी सेव्हन. मग डावा सीवर, एफ उतरून ईवर, की सी मेजर सेव्हन. उजव्या हाताचं दर वेळी एकच बोट जेमतेम सरकतं. हे एकदा कानात बसलं की असंख्य गाण्यांची वाट मोकळी होते.

धंदा म्हणून पाहिलं तर खर्च पियानोपेक्षा त्याच्या देखभालीचा. हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, सूर उतरतो. ट्यूनिंगमध्ये काटकसर आम्ही करत नाही. बेसूर वाद्यावर कान घडत नाही.

विद्यार्थ्यांच्या मैफलीला बास आणि ड्रम्स वाजवणारे व्यावसायिक कलाकार बोलावतो, मानधन देऊनच. नफा त्यात जातो, जाऊ दे. रेकॉर्डवरच्या साथीबरोबर वाजवणारा मुलगा चुकला तरी साथ पुढे निघून जाते; जिवंत ड्रमर त्याला सावरून घेतो. या हंगामापासून बासचा वर्गही सुरू करतोय. पियानोवाले पुष्कळ झाले, त्यांना साथीदार हवेत.