जळगाव ते जोधपूर: परिषदेला एकटीनं जाताना

जोधपूरच्या परिषदेला जायचं ठरलं की खानदेशी माणूस उन्हाबद्दल निश्चिंत असतो. मे हीट काढणाऱ्याला वाळवंटाचं काय, असा त्याचा हिशेब. पण शेतीच्या बहुतेक परिषदा हिवाळ्यात भरतात आणि तेव्हा त्रास देते ती कोरडी हवा आणि पहाटेची थंडी. ठिबक सिंचनावरचं पोस्टर घेऊन मी जळगावहून एकटी जाऊन आले. त्यातलं पुढच्यांच्या कामाचं तेवढं लिहिते.

सुरुवात कागदांपासून. गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं की तिकिटाआधी संस्थेचा आदेश हातात घ्यायचा. कर्तव्य रजा, नोंदणी शुल्क आणि प्रवासभत्ता या तिन्ही गोष्टी त्या एकाच आदेशात हव्यात. आदेशाच्या आधीच्या तारखेची पावती दिसली की लेखा विभाग शंका काढतो. नोंदणी अर्जात नाव सेवापुस्तकात आहे तसंच, अक्षर न अक्षर भरा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. माहेरचं आणि सासरचं अशी दोन आडनावं कागदोपत्री फिरत असतील तर ही काळजी दुप्पट घ्यायची.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणून आदेशाची धावपळ त्याच्या आत संपवायची. मी ताप्ती लाइननं गेले. नवजीवन एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, सुरत करत अहमदाबादला पोचते. तिथून जोधपूरच्या गाड्या आबू रोड, मारवाड जंक्शनमार्गे जातात. दोन गाड्यांच्या मध्ये निदान चार-पाच तास ठेवा. दुसरं तिकीट काढताना कनेक्टिंग जर्नीचा पर्याय निवडून दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर पुढच्या तिकिटाच्या परताव्याला तो आधार असतो.

स्टेशनांची नावं नीट वाचा. जोधपूरची वंदे भारत अहमदाबाद जंक्शनहून नाही, साबरमतीहून सुटते. जोधपूरलाही जंक्शन वेगळं आणि भगत की कोठी वेगळं, आणि काही गाड्या भगत की कोठीलाच संपतात. एकट्या बाईनं स्लीपरचं तिकीट काढताना सर्वसाधारण कोट्याऐवजी लेडीज कोटा तपासावा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये सहा बर्थ त्यात असतात, वयाची अट नाही. बहुतेकींना हा पर्याय माहीतच नसतो.

मुक्कामासाठी जुन्या शहरातली निळी घरं फोटोत छान दिसतात, पण तिथल्या बोळांत रिक्षा शेवटपर्यंत जात नाही. बॅग आणि पोस्टरची नळी घेऊन चढ चढायचा असेल तर बघा. माझं मत, राहावं परिषदेच्या जागेजवळच. परिषद काझरीत असली तर हे लक्षात घ्या: काझरी, म्हणजे 1959 पासूनची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, लाइट इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला आहे आणि किल्ल्याचा भाग तिथून लांब. परिषदेच्या आदल्या दुपारपर्यंत पोचा. नोंदणीचा काउंटर, पोस्टरचा फळा आणि रात्रीची परतीची वाट उजेडात बघून होते.

पोस्टरचं माप आयोजकांच्या पत्रातूनच घ्या. बहुतेक ठिकाणी 3 बाय 4 फूट, उभं. आडवं छापलेलं पोस्टर उभ्या फळ्यावर बाहेर लोंबतं आणि ऐनवेळी काही करता येत नाही. शीर्षक 80 पॉइंटच्या पुढे ठेवा आणि मजकूर 24 च्या खाली नको, कारण लोक दीड मीटरवरून वाचतात. फ्लेक्स घडी न घालता नळीत ठेवा, घडीची रेघ जात नाही. दुहेरी चिकटपट्टी आणि टाचण्या स्वतःच्या न्या. भाषणाला दहा मिनिटं असली तर बोलायला सात-आठच धरा. सादरीकरणाची पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे तिथल्या संगणकावर देवनागरी अक्षरं तुटली तरी अडत नाही.

आता खरी तयारी, प्रश्नांची. काळ्या जमिनीत ड्रिपरचं, म्हणजे ठिबकच्या नळीवरच्या तोटीचं, पाणी आडवं पसरतं, वाळूत ते सरळ खाली उतरतं. म्हणून रावेर-यावलच्या केळीचं वेळापत्रक तिथे कुणी जसंच्या तसं मान्य करत नाही. वाळूत ड्रिपर 30 सेंटिमीटरपर्यंत जवळ आणावे लागतात आणि पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आकड्यांसोबत मातीचा पोत आणि पाण्याची क्षारता लिहिली नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येणार. पश्चिम राजस्थानात बरंच भूजल खारं आहे आणि क्षारांनी ड्रिपर बुजणं हा तिथला रोजचा विषय. आपल्याकडे आम्ल प्रक्रिया कशी करतो, किती दिवसांनी करतो, हे तोंडपाठ ठेवा.

शिवारफेरी असेल तर ती चुकवू नका. निम्मी परिषद तिथेच असते. टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, बघायला मिळाला तर टाकीपेक्षा भोवतीचं आगोर नीट बघा. तो उताराचा, चोपून घट्ट केलेला पाणलोट असतो आणि तो बिघडला की टाकी कोरडीच. काझरीच्या सुधारित टाक्याचा एक नमुना 21,000 लिटरचा आहे. वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पावसात पिण्यापुरतं पाणी साठवायची ही युक्ती. खेजडी म्हणजे आपली शमीच. तिच्या कोवळ्या शेंगांची सांगरी दुपारच्या जेवणात येईल. (त्यांची बाटी खाताना आपल्या बट्टीशी तुलना मनात ठेवावी, टेबलावर काढू नये.)

फेरीला सुती सैल पायजमा किंवा लोकरी मोजे नकोत. भुरट गवताची काटेरी बोंडं त्यात रुततात आणि बोटांनी काढताना टोचतात. गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्यावरचे बूट बरे. निघायचं पहाटे असतं. जानेवारीत किमान तापमान 10 अंशांच्या आसपास येतं. हवेत बाष्प नाही, आकाश मोकळं, त्यामुळे दिवसभराची उष्णता रात्री भराभर निघून जाते. दुपारी स्वेटर काढावा लागतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन पातळ थर न्या. घाम आला तरी लगेच वाळतो आणि थंडीत तहानही लागत नाही. बाटली ठरवून रिकामी करा. ओठांना आणि नाकपुड्यांना पेट्रोलियम जेली लावा, खोबरेल तेल तिथे सकाळी बाटलीत गोठलेलं असतं.

प्रमाणपत्रं समारोपानंतर वाटतात. तुमची गाडी आधीची असेल तर पहिल्याच दिवशी काउंटरवर तसं सांगून ठेवा. हॉटेलचं बिल जीएसटी क्रमांकासह आणि स्वतःच्या नावावर घ्या, रिक्षाच्या खर्चाची तारखेसह यादी ठेवा. परत आल्यावर आदेश, नोंदणीची पावती, तिकिटं, हॉटेलचं बिल, उपस्थितीचं प्रमाणपत्र या क्रमानं टाचून बिल आठवड्याच्या आत द्या. मार्चअखेर जवळ असेल तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी.