आठ भाकरी अन पी व्हॅल्यू

आमच्याकडच्या बीएस्सीच्या पोरांना नाहीतर समाजशास्त्रात एमए करणाऱ्या पोरींना स्टॅटिस्टिक्सचं काही विचारा, एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असते, कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा जास्त आली की नल हायपोथिसिस रिजेक्ट. मार्क मिळतात याने. पण रिजेक्ट केलं म्हणजे नेमकं काय केलं विचारलं की सगळे गप, अन मला ते लागते कारण हीच पोरं उद्या आरोग्य केंद्रात, कृषी खात्यात, सर्वेक्षणात बसणार आहेत.

तर फॉर्म्युला राहू द्या बाजूला. समजा आजी म्हणते, "मले चुलीवरची अन गॅसवरची भाकर डोये झाकून ओयखू येते." आपण आठ भाकरी करू, चार चुलीवर चार गॅसवर, ज्वारी एकच, थापणारी एकच, सगळ्या सारख्या गार झालेल्या, अन कोणती कधी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. चार-चार आहेत हे आजीला माहीत आहे. आता आधी असं धरून चालायचं की आजीला काही कळत नाही, नुसता अंदाज मारते. हे धरून चालणं म्हणजेच नल हायपोथिसिस, बाकी काही नाही. आठातून चार निवडायचे 70 प्रकार, त्यातला बरोबर एकच, म्हणजे नुसत्या अंदाजानं सगळं बरोबर यायची शक्यता 70 मधे 1, साधारण 0.014. झाली पी व्हॅल्यू.

अन चुलीच्या चारातल्या तीनच ओळखल्या तर? असे 16 प्रकार होतात, अन पी व्हॅल्यूत इतकं किंवा याहून चांगलं जमायचे सगळे प्रकार धरतात, म्हणून पूर्ण बरोबरवाला एक धरून 17, म्हणजे 70 मधे 17, 0.24. अंदाज मारूनही चारातून एकदा असं होईल, त्यावरून आजीला कळते म्हणता येत नाही. आजीला कळत नाही असंही सिद्ध होत नाही बरं, जास्त भाकरी लागतील एवढंच. अन 0.014 म्हणजे आजीचं म्हणणं खोटं असायची शक्यता 1.4 टक्के, हा अर्थ साफ चूक आहे, पी व्हॅल्यू काढतानाच आपण धरलं होतं की आजीला कळत नाही.

हा हिशोब मुळात इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा, त्यानं चहाचे आठ कप घेतले होते, दूध आधी टाकलं की चहा ते ओळखायचं. पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की नल हायपोथिसिस रिजेक्ट, ही रेघही त्यानंच 1925 मधे सोयीची म्हणून सुचवली, ती काही निसर्गाचा नियम नाही.

आता आपल्या गडचिरोलीचं उदाहरण, जे विदर्भातल्या प्रत्येक वर्गात यायलाच पाहिजे. डॉक्टर अभय बंग, राणी बंग अन त्यांच्या सर्च या संस्थेच्या लोकांनी 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरीच घेतली, अन 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू इकडे 25.5, तिकडे 59.6. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 1999 ला छापून आलं, पी व्हॅल्यू 0.001 च्या खाली. पोरं पी व्हॅल्यूच लिहून घेतात, पण खरी गोष्ट आहे हजारामागे 34 बाळं, ती आधी लिहा. अन ती 47 गावं नसती तर कोणीही म्हणलं असतं की रस्ता झाला, दवाखाना सुधारला, म्हणून मृत्यू कमी झाले, मग कितीही बारीक पी व्हॅल्यू आणा.

हेच प्रोजेक्टमधे हुकते. गुलाबी बोंडअळीवर प्रोजेक्ट असते, एका फवारलेल्या वावरातली 100 बोंडं फोडायची, एका न फवारलेल्या वावरातली 100, ची-स्क्वेअर (पी व्हॅल्यू काढायची एक चाचणी) लावायचा अन आकडा झकास येते. पण बोंडं 200 असली तरी वावरं दोनच झाली ना! एकात पेरणी आधी झाली असेल, एकाला ओलीत असेल, एकाच्या धुऱ्यावर मागच्या सालच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या असतील अन अळी तिथूनच आली असेल, फवारणीचा त्यात काय संबंध आहे ते कळायला मार्गच नाही. त्यापेक्षा दोन्हीकडची दहा-दहा वावरं घ्या, प्रत्येकातून दहाच बोंडं, मेहनत जवळपास तेवढीच, अन हिशोब वावराचा करा, बोंडाचा नाही. यंदा ज्यांचं प्रोजेक्ट आहे त्यांनी वेचणीच्या आधी गावातल्या वावरांची यादी करून चिठ्ठ्या टाका, रस्त्याकडेचीच घेऊ नका.